‘मला जमणार नाही’ ही समजूत तपासायची कशी: पायरी-पायरीने मार्गदर्शक

अडवणाऱ्या समजुतींवर काम करायला घेणारे बहुतेक जण क्रम उलटा लावतात. आधी आत्मविश्वास आणायचा, मनातून ‘जमेल’ असं वाटायला लागलं की मग कामाला हात घालायचा, असा त्यांचा हिशेब असतो. त्यासाठी आरशासमोर वाक्यं म्हटली जातात, व्हिडिओ पाहिले जातात, वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत संकल्प लिहिला जातो. वाटणं काही बदलत नाही. मग ‘माझा स्वभावच असा’ म्हणत जुनी समजूत आणखी घट्ट होते.

क्रम असा हवा: समजूत नेमक्या शब्दांत पकडायची, तिचं भाकीत करायचं, ते छोट्या कृतीने तपासायचं, निकाल लिहून ठेवायचा. खात्री सगळ्यांत शेवटी येते. ‘मी हे करू शकतो’ ही भावना कुठून येते याची मांडणी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये केली. तीत स्वतः करून पाहिल्याचा अनुभव हा सर्वांत भक्कम स्रोत आहे. इतरांनी दिलेला धीर त्याच्या बराच खाली येतो. पुढच्या पायऱ्या त्याच पायावर, आणि सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) या, विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणाऱ्या मानसोपचारपद्धतीत नेहमी वापरल्या जाणाऱ्या तंत्रांवर उभ्या आहेत.

सगळ्या पायऱ्यांसाठी एकच उदाहरण घेऊ. चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कारखान्यात क्वालिटी विभागात काम करणारी, चाळिशीतली, मराठी माध्यमात शिकलेली एक ताई. कामात चोख. पण सोमवारच्या कस्टमर कॉलवर तिच्या लाईनचे रिजेक्शनचे आकडे ज्युनियर मुलगा इंग्रजीत सांगतो आणि ती शेजारी बसून त्याच्याकडे कागद सरकवते. बढतीचा विषय निघाला की ‘कस्टमरशी बोलणारं कोणीतरी हवं’ असं ऐकू येतं. तिची समजूत: ‘मला इंग्रजी बोलता येत नाही, आणि आता या वयात येणारही नाही.’ ताई काल्पनिक आहे, पण असा पेच कुठल्याही एमआयडीसीत सापडेल. तुमचा विषय गाडी चालवण्याचा, धंद्याचा किंवा गणिताचा असला तरी पायऱ्या याच राहतात.

## सुरू करण्याआधी

चार गोष्टी ठरवून घ्या.

नोंदीची जागा एकच ठेवा. वही असो किंवा फोनमधली नोंद, दोन्ही चालतं. अट एवढीच की भाकीत कृतीच्या आधी लिहिलेलं असलं पाहिजे. नंतर आठवून लिहिलेलं भाकीत उपयोगाचं नसतं, कारण निकाल कळल्यावर मन आपला मूळ अंदाज बेमालूम बदलून टाकतं.

वेळ रोज पंधरा मिनिटं, आणि साधारण दोन महिने हाताशी धरा. ऑडिटचा महिना, घरातलं लग्न, मुलांच्या बोर्डाच्या परीक्षा अशा काळात सुरुवात करू नका.

समजूत एकच निवडा. ‘माझं वजन, माझं इंग्रजी, माझा भिडस्तपणा’ असं सगळं एकदम काढलं की दहाव्या दिवशी वही बंद पडते.

आणि कोणाला सांगायचं ते ठरवा. एकाच माणसाला सांगा. तो फार कौतुक करणारा नको आणि टोचून बोलणारा तर अजिबात नको.

## पायरी १: ध्येय दिसेल अशा कृतीत लिहा

‘इंग्रजी सुधारायचं’, ‘धाडसी व्हायचं’ ही ध्येयं नव्हेत; ती कधी पूर्ण झाली हे कोणालाच सांगता येत नाही. शेजारी बसलेल्या माणसाला ‘हो, झालं’ किंवा ‘नाही झालं’ असं सांगता येईल इतकं ठोस वाक्य लिहा.

ताईचं वाक्य: ‘सोमवारच्या कॉलवर माझ्या लाईनचं रिजेक्शन आणि त्याची कारणं मी स्वतः दोन मिनिटं इंग्रजीत सांगणार.’

तपासा: हे ध्येय खरंच तुमचं आहे का? घरचे म्हणतात म्हणून घेतलेल्या ध्येयात पाय अडतो तेव्हा तिथे समजूत शोधून काही मिळत नाही. तुम्हाला ते नकोच असतं.

## पायरी २: अडवणारं वाक्य जागच्या जागी पकडा

शांतपणे खुर्चीत बसून ‘माझ्या समजुती कोणत्या?’ असा विचार केला तर पुस्तकी उत्तरं येतात. समजूत दिसते ती टाळाटाळीच्या क्षणी. म्हणून आठवडाभर फक्त नोंद करा. तीन रकाने पुरे: प्रसंग काय होता, मनात कोणतं वाक्य आलं, मी मग काय केलं.

ताईची एक नोंद: ‘सरांनी विचारलं, आज तुम्ही सांगता का? / मनात: अडखळेन. / म्हणाले: त्यालाच सांगू द्या सर, त्याला सवय आहे.’

इथली नेहमीची चूक म्हणजे वाक्याच्या जागी भावना लिहिणं. ‘टेन्शन आलं’, ‘घाबरायला झालं’ यावर पुढे काही करता येत नाही. अशी नोंद झाली असेल तर स्वतःला विचारा: त्या क्षणी काय होईल असं वाटलं होतं?

वाक्य सापडलं की त्याच्याखाली काय आहे ते पाहा. ‘असं झालं, तर काय?’ हा प्रश्न दोन-तीनदा विचारा.

अडखळले तर काय? समोरचे हसतील.
हसले तर काय? त्यांना वाटेल हिला काही येत नाही.
तसं वाटलं तर? इतक्या वर्षांच्या कामाची किंमत जाईल.

हे उतरणं महत्त्वाचं आहे, कारण वरवर इंग्रजीची वाटणारी समजूत मुळात इंग्रजीची नाहीच. ‘अडखळणारा माणूस अडाणी ठरतो’ ही ती समजूत आहे. ही न सापडता क्लास लावला तर व्याकरण सुधारतं आणि सोमवारी तोंड तरीही बंदच राहतं. इंग्रजीचे दोन-तीन क्लास करूनही न बोलणारी माणसं पाहिली की बहुतेक वेळा हेच कारण निघतं.

इशारा: दोन-तीन प्रश्नांवर थांबा. लहानपणी कोण काय बोललं, शाळेत कोणी कसं हिणवलं, इथपर्यंत एकट्याने खणत जाऊ नका. या कामाला त्याची गरज नाही, आणि जुनी जखम उघडी पडली तर ती सांभाळायला शेजारी कोणी नसतं.

## पायरी ३: तीन ढीग करा

ही पायरी सर्रास वगळली जाते, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं. वहीत जमलेली वाक्यं तीन ढिगांत वेगळी करा.

खरी अडचण. सरकारी भरतीची वयोमर्यादा ओलांडली असेल तर तो नियम आहे, समजूत नव्हे. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस, डोक्यावरचा हप्ता, रात्री गावाकडे जाणारी एसटी नसणं, ही परिस्थिती आहे. तिला ‘माझ्या मनाच्या मर्यादा’ म्हणणं हा स्वतःवर अन्याय आहे. अशा अडचणीसाठी व्यवस्था लावावी लागते: वेळ बदलून घेणं, मदत मागणं, ध्येयाचा आकार कमी करणं.

कौशल्याची उणीव. ‘बोलताना शब्द आठवत नाहीत’ हे खरं असू शकतं. त्यावर उपाय सराव. दोन मिनिटांच्या रिजेक्शन रिपोर्टला लागणारे शब्द मोजकेच असतात: बॅच, रिवर्क, सप्लायर, रूट कॉज, करेक्टिव्ह अॅक्शन. ते तेवढे घोटायचे; सगळी भाषा शिकायची गरज नसते.

भाकीत. ‘या वयात येणार नाही’, ‘लोक हसतील’. हे अजून घडलेलं नाही. तपासणी फक्त याच ढिगाची होते.

पुष्कळदा एका वाक्यात दोन ढीग चिकटलेले असतात. ‘आमचं इंग्रजीच पाचवीपासून, आम्हाला काय येणार?’ यातला पहिला भाग वस्तुस्थिती आहे. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीत सुरू व्हायचं. दुसरा भाग भाकीत आहे. वाक्य मधोमध तोडा आणि दोन्ही भाग वेगळ्या ढिगांत टाका.

मग भाकिताच्या विरुद्ध जाणारा, आधीपासून हाताशी असलेला पुरावा लिहा. ताई कस्टमर कम्प्लेंटचे ८डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारे) वर्षानुवर्षं इंग्रजीत लिहिते. कस्टमरचे मेल वाचून उत्तरं देते. ‘मला इंग्रजी येत नाही’ हे वाक्य इथेच निम्मं गळतं. उरतं ते ‘मी चारचौघांसमोर इंग्रजी बोलत नाही’.

तपासा: तिसऱ्या ढिगात निदान एक वाक्य उरलं का? काहीच उरलं नसेल तर तुमचा प्रश्न समजुतीचा नाही. पुढच्या पायऱ्या सोडा आणि पहिल्या दोन ढिगांवर काम करा.

## पायरी ४: भाकीत मोजता येईल असं लिहा

साचा असा: ‘मी अमुक केलं तर तमुक होईल. खात्री इतके टक्के.’

‘लोक हसतील’ हे ढोबळ आहे. कोण, किती जण, म्हणजे काय करतील? ताईने लिहिलं: ‘कॉलवरच्या सहा जणांपैकी निदान दोघे हसतील, किंवा मला मध्येच थांबवून दुसऱ्याला बोलायला सांगतील. खात्री ८० टक्के.’ हे खरं ठरलं की खोटं, ते सोमवारी दुपारपर्यंत कळतं.

आपल्याकडे किती जणांचं लक्ष जाईल याचा अंदाज माणसं फुगवून करतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांच्या ते लक्षात आलं असेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे चौथाई लोकांच्याच लक्षात आलं. तुमचा आकडा लिहिताना हे आठवा, पण म्हणून तो मुद्दाम कमी करू नका. जे खरोखर वाटतं तेच लिहा.

इथे दोन चुका होतात.

पहिली: ‘मला भीती वाटेल’ असं भाकीत करणं. ते हमखास खरं ठरतं आणि त्यातून काहीच कळत नाही. बाहेर काय घडेल ते लिहा.

दुसरी: समजुतीच्या जागी तिच्या नेमकं उलट वाक्य ठेवणं. ‘मी उत्तम इंग्रजी बोलते’ असं रोज सकाळी म्हणणं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की स्वतःबद्दल आधीच कमी मत असलेल्या लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, तर त्यांना आधीपेक्षा वाईट वाटतं. ज्यांना अशा वाक्यांची गरज असते, त्यांनाच ती टोचतात. त्याऐवजी निम्म्यापर्यंत तरी पटेल असं वाक्य शोधा. ताईचं: ‘अडखळले, तरी आकडे बरोबर असतील तर लोक आकड्यांकडे बघतील.’ हेही भाकीतच आहे, याचीही तपासणी होणार आहे.

## पायरी ५: चढण आखा

ध्येयापर्यंत जाणाऱ्या पाच-सात कृती लिहा आणि प्रत्येकीपुढे भीतीचा आकडा, ० ते १०० मध्ये. ताईची यादी:

१. दोन मिनिटांचा रिपोर्ट फोनवर रेकॉर्ड करून ऐकणं: २५
२. तोच रिपोर्ट ज्युनियरला समोर बसवून सांगणं: ३५
३. लाईनवरच्या सकाळच्या मीटिंगमध्ये एक मुद्दा इंग्रजीत: ५०
४. कस्टमर कॉलवर फक्त एकूण आकडा सांगणं: ६०
५. पूर्ण दोन मिनिटं, प्रश्नांची उत्तरं ज्युनियरकडे: ७५
६. प्रश्नोत्तरांसकट सगळं: ९०

सुरुवात ३०च्या आसपासच्या कृतीने करा. उत्साहाच्या भरात थेट सहाव्यावर उडी मारणारे असतात. पडले की वर्षभर वहीकडे बघत नाहीत. याच्या उलट, काहींची पहिली पायरी इतकी सुरक्षित असते की तिथे काहीच तपासलं जात नाही. आणखी एक पुस्तक वाचणं, आणखी एक अॅप घेणं ही चढण नव्हे. यादीतल्या बहुतेक कृतींत समोर माणूस असला पाहिजे.

दोन कृतींमध्ये २० पेक्षा जास्त अंतर असेल तर मध्ये एक घाला. लायसन्स खिशात असूनही गाडी न चालवणाऱ्यांची यादी बहुधा इथेच फसते. ‘सकाळी सहाला सोसायटीभोवती फेरी’ यानंतर थेट ‘ऑफिसला जाणं’ असतं. रविवारचा रिकामा रस्ता आणि शेजारी शांत माणूस ही मधली कृती लिहिलेलीच नसते.

## पायरी ६: कृती करा, बचावाच्या सवयी सोडून

कृतीचा दिवस आणि वेळ आधी लिहा. सोबत एक ‘जर-तर’ वाक्य तयार ठेवा. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने अशा वाक्यांचा बराच अभ्यास केला आहे. नुसत्या निश्चयापेक्षा प्रसंगाला बांधलेली कृती जास्त वेळा घडते. ताईचं: ‘जर शब्द आठवला नाही, तर मी थांबेन, कागदावरचा पुढचा आकडा वाचेन आणि तिथून पुढे जाईन.’

आता सगळ्यांत निसटती गोष्ट. भीती वाटली की आपण नकळत काही बचाव करतो: अख्खा रिपोर्ट पाठ करून मान खाली घालून वाचणं, एका दमात घाईने संपवणं, कॅमेरा बंद ठेवणं, किंवा सुरुवातीलाच ‘सॉरी, माय इंग्लिश इज वीक’ म्हणणं. हे करून काम निभावतं, पण मन श्रेय बचावाला देतं: ‘पाठ केलं होतं म्हणून वाचले.’ समजूत जशीच्या तशी राहते. म्हणून प्रत्येक कृतीआधी एक बचाव निवडून सोडा. आकड्यांचा कागद हातात असायला हरकत नाही, तो सगळेच ठेवतात. पूर्ण वाक्यं लिहिलेला कागद मात्र बाजूला.

छातीत धडधडेल, तळव्यांना घाम येईल. ती शरीराची तयारी आहे. ‘मला जमत नाही’ याचा पुरावा नाही. धडधड थांबायची वाट पाहू नका.

तपासा: एकच कृती एकदा करून पुढे जाऊ नका. भीतीचा आकडा निम्म्याच्या जवळ येईपर्यंत किंवा कंटाळा येईपर्यंत तीच करा. कंटाळा ही इथे चांगली खूण आहे.

## पायरी ७: निकाल त्याच दिवशी लिहा

भाकीत काय होतं, प्रत्यक्षात काय झालं, आता खात्री किती टक्के. तीन ओळी पुरतात. रात्र उलटू देऊ नका.

भाकीत खोटं ठरलं तर मन सबब काढतं. ‘आज मोठे साहेब कॉलवर नव्हते’, ‘कस्टमर चांगल्या मूडमध्ये होता’. या सबबीशी वाद घालू नका, तिचंच पुढचं भाकीत करा: ‘साहेब असताना बोलले तर ते मध्येच थांबवतील, ७० टक्के.’ आणि साहेब असतील त्या सोमवारी तपासा. अशा तीन-चार सबबी एकेक करून तपासल्या गेल्या की समजुतीला टेकायला जागा उरत नाही.

भाकीत खरं ठरलं तर बहुतेक जण इथे काम सोडतात, म्हणून हे आधीच वाचून ठेवा. समजा कॉलवर एक जण खरंच हसला. आता पायरी २ मधली साखळी काढा. हसण्याच्या पुढच्या कडीला होतं: ‘वाटेल हिला काही येत नाही, कामाची किंमत जाईल.’ तेही झालं का? त्यानंतर त्याच लोकांनी आकड्यांवर प्रश्न विचारले का? पुढच्या आठवड्यात मेल ताईलाच आला का? हसू आलं आणि काम तसंच चालू राहिलं, ही नोंद ‘कोणी हसलंच नाही’ या नोंदीपेक्षा जास्त मोलाची आहे. कारण हसणारा माणूस आयुष्यात कधीतरी भेटणारच असतो, आणि त्याच्यानंतर काय होतं हे आता तुम्हाला ठाऊक असतं.

आकडाच चुकीचा सांगितला गेला, समोरच्याला खरंच काही समजलं नाही, असं झालं असेल तर तो दुसऱ्या ढिगाचा प्रश्न आहे. आठवडाभर सराव करा आणि तीच कृती पुन्हा करा. स्वतःबद्दलचं मत यात आणू नका.

## पायरी ८: आजूबाजूचे लोक

‘आता या वयात कशाला?’ असं घरातून येईलच, बहुतेक वेळा काळजीपोटी. पटवून देत बसू नका; प्रयोगाच्या मध्यावर समर्थन मागितलं की नाराजी पदरी येते. जो पंधरा मिनिटांचा वेळ हवा आहे तेवढाच स्पष्ट मागा. ऑफिसात वरिष्ठांना मात्र आधी सांगणं बरं: ‘पुढच्या महिन्यापासून माझ्या लाईनचे आकडे मी सांगेन.’ तारीख बोलून गेली की ज्युनियरकडे कागद सरकवणं अवघड होतं.

## पायरी ९: मध्येच खंड पडला तर

आजारपण, दिवाळी, शटडाऊन. खंड पडतोच. लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सवयींच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लोकांना १८ ते २५४ दिवसांपर्यंत कितीही वेळ लागेल असं दिसलं, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. त्यामुळे शेजारणीला महिन्यात जमलं, मला का नाही, ही तुलना सोडून द्या.

परत येताना पहिल्या पायरीपासून सुरू करू नका. जिथे थांबला होतात तिथून दोन कृती खाली उतरा, तिथे एकदा यश घ्या आणि वर चढा. वहीतल्या जुन्या नोंदी आधी वाचा. खंडाच्या काळात समजूत परत बळावलेली असते आणि तिला तुमच्याच हाताने लिहिलेला पुरावा लागतो.

## एकट्याने करू नये असं कधी

विचारानेच श्वास कोंडतो, घाम फुटून तिथून पळ काढावा लागतो आणि हे वारंवार होतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास आहे, झोप-भूक बिघडली आहे. घराबाहेर पडणंच टाळलं जातंय. किंवा जगणं नकोसं वाटतंय. यापैकी काहीही असेल तर वरची चढण एकट्याने चढू नका. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे जा. कुठे जायचं ते कळत नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर आजच फोन करा.

पहिल्या भेटीला वही सोबत न्या. आठवडाभराच्या तीन रकान्यांच्या नोंदी समोर असल्या की कुठून सुरुवात करायची हे ठरवायला तज्ज्ञालाही सोपं जातं.